शेंबडीचा किरण

खाली जात आहे.

लिफ्टमधली बाई गोड आवाजात सांगते आणि दादा दरवेळी मनात म्हणतो, ठाऊक आहे गं बाई. लिफ्टा दुरुस्त करण्यात त्याचे केस पांढरे झाले. लिफ्ट मजल्याला बरोबर लागली की नाही, हे तो डोळे मिटून तळपायानं सांगेल. शेजारी धाकटी बहीण. ती कपड्यांना रफू करते. तिनं भरलेलं भोक कुणी पुन्हा शोधून दाखवावं! घरात तिला शेंबडी म्हणतात. नाव दादानंच ठेवलेलं. लहानपणी तिचं नाक पुसायचं काम त्याच्याकडे होतं.

आता त्याच नाकाच्या मागे गाठ आहे. डाव्या डोळ्याच्या नसेला खेटून.

दार उघडत आहे.

रुग्णालयाच्या तळघरात किरणांच्या यंत्राचं गणित मांडणारे एक सर आहेत. पहिल्या भेटीत ते म्हणाले होते, "नेहमीचे क्ष-किरण आरपार जातात, वाटेत येईल त्याला भाजत. हा प्रोटॉनचा किरण आम्ही ठरवू तेवढ्या खोलीवर जाऊन थांबतो. पुढे नाही."

"म्हणजे लिफ्टच की," दादा म्हणाला. "बरोबर मजल्याला लागली पाहिजे."

"अगदी तसंच."

दादाचा जीव भांड्यात पडला. आपल्याच धंद्यातली गोष्ट निघाली म्हणायची.

डॉक्टरीणबाईंनी मात्र दोघांना बजावलं, "हा सगळा खटाटोप डोळ्यासाठी. लाल रंग मळका दिसायला लागला तर त्याच दिवशी सांगायचं. नस दबली की आधी लाल जातो."

"आणि सांगितलं, मग?"

"मग बघू," बाई म्हणाल्या, आणि बघितलं टेबलाकडे.

कृपया दारात उभे राहू नका.

झालं काय, तर एवढंसं. उपचार सुरळीत चालले होते. जाळीचा घट्ट मुखवटा चेहऱ्यावर बसवून तिला टेबलाला जखडायचे. हलायची सोय नाही. एकदा ती गालावर जाळीचे चौकोन घेऊन बाहेर आली आणि घळाघळा रडायला लागली. दादानं खिशातला रुमाल काढला, जुन्या सवयीनं तिचं नाक धरलं आणि पुसलं.

सर्दी दादाला झाली होती. रुमाल कालचाच होता.

.

.

तिचंही नाक चोंदलं. रोज किरण सोडण्याआधी डोक्याच्या आतलं चित्र काढतात, त्यात नाकामागची पोकळी काळी दिसायची. ती राखाडी झाली.

"आमचं गणित हवेचं होतं," सर म्हणाले. "हवेतून किरण सहज जातो. आता तिथं..."



"शेंबूड," बहीण म्हणाली.

"हो. त्यात तो दमतो. गाठीच्या अलीकडेच थांबेल."

दादा खाली बघत पुटपुटला, "दोन मजल्यांच्या मध्ये."

लिफ्ट अडकली की लोक याला बोलावतात. हा दाराला तोंड लावून ओरडतो, घाबरू नका, मी आलोय. मग वर जाऊन चाक हातानं फिरवतो आणि माणसं बाहेर काढतो. इथं फिरवायला चाक नव्हतं. घरी वाफ दिली, उशाला जादा उशी दिली, देता येईल ते सगळं दिलं. ती पांघरुणातून म्हणाली, "जन्मभर शेंबडी म्हणालास. शेवटी करूनच दाखवलीस."

"गप गं."

"बरं, रुमाल देऊ नकोस म्हणजे झालं."

कृपया प्रतीक्षा करा.

किरण बंद तो बंदच. सरांनी नवं गणित मांडलं, चोंदलेल्या नाकाचं. ते तपासून पक्कं झालं. त्या दिवशी चित्र काढलं, तर नाक निम्मं मोकळं.

"मग आता काय, परत भरून आणू?" बहीण म्हणाली. "दादा, तुझ्याकडे शिल्लक आहे का?"

कुणी हसलं नाही. "हसा की," ती म्हणाली, "हसायला मुखवटा लागत नाही."

सर खरंच चांगला माणूस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणाले, नाक पुरतं मोकळं झालं की पहिलंच गणित चालेल. कधी होईल? ते नाकालाच माहीत. तोवर गाठ थांबेल का? या प्रश्नावर त्यांनी पुन्हा चष्मा पुसला.

खाली जात आहे.

आज नाक मोकळं आहे. चित्रात पोकळी काळीकुट्ट. सरांनी लांबूनच अंगठा दाखवला. पहिल्या गणितावर आज किरण सोडणार. आधीचा रुग्ण आत आहे, दोघं बाकावर बसली आहेत. समोर जाड दार, दारावर दिवा. किरण चालू असला की तो लाल पेटतो.

बहीण दिव्याकडे बघते आहे. मग उजवीकडे मान वाकडी करते, रफू करताना धागा कापडाशी जुळवून बघते तशी.

"दादा, दिवा बदलला का रे यांनी?"

"का गं?"

"आधी लाल होता ना? हा विटकरी लावलाय."

दादानं वर बघितलं.

दिवा तोच होता. लालभडक.

"दादा?"

"अं."

"बदलला ना?"

त्यानं तोंड उघडलं. दाराला तोंड लावून तो आयुष्यभर जे ओरडत आला ते घशाशी आलं, आणि तिथेच, अलीकडेच