दोघींत एक भट्टी

नणंद-भावजयीचं पटत नाही, हे लोक असं छातीठोकपणे सांगतात, जणू घरोघरी जाऊन बघून आलेत. या दोघींचं पटायचं. पटत नव्हतं ते भट्टीचं.

नणंद मातीकाम करायची. वाट्या, बरण्या, कुंड्या, हाताला येईल ते. घरातले आणि गल्लीतले सगळे तिला ताईच म्हणायचे. भावजय काचकाम करायची. रंगीत काचा कापून, एकावर एक रचून, भट्टीत वितळवून त्यांची तबकं करायची. ताईने तिचं नाव काचबाई ठेवलं होतं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. घरामागच्या खोलीत अर्ध्यात मातीचा राडा, अर्ध्यात काचेचा चुरा आणि मधोमध ताईची जुनी विजेची भट्टी, दोघींची मिळून.

त्या भट्टीतून ताईच्या वाट्या झकास निघायच्या. काचबाईच्या तबकांना मात्र तडा. दरवेळी नाही, पण जे तबक जीव ओतून केलंय त्याला हमखास.

"कॉइल बाजूला आहेत ना," ताई म्हणायची. "काचेला कडेने चटका बसतो. मातीची भट्टी ती मातीचीच."

काचबाईलाही ते पटलं होतं. आणि ते खरंही होतं. अर्धं.

मग एक दिवस त्या भट्टीने मान टाकली. कॉइल वितळून विटांना चिकटली, विटा हात लावला की भुगा. काचबाईचा नवरा, म्हणजे ताईचा धाकटा भाऊ, वायरिंगची कामं करायचा. त्याने आत डोकं घालून पाहिलं आणि डोकं बाहेर काढून सांगितलं, "हिला आता शेवटचा नमस्कार करा. आणि नवी आणाल ती एकच. आपल्या लाइनवर दोन भट्ट्या लावल्यात तर गल्लीभर अंधार होईल आणि शिव्या मला बसतील."

काचबाईने तेव्हा पसारा आवरला. जेवताना बोलली.

"ताई, तुम्ही आपली मातीची भट्टी घ्या. शहराच्या त्या टोकाला काचकाम करणाऱ्यांची कार्यशाळा आहे, तिथे मला टेबल मिळतंय. मी तिकडे जात जाईन."

ताईने घास ताटात परत ठेवला. म्हणजे आता त्या खोलीत एकटीने माती मळायची. टोमणा मारायला कुणी नाही, आणि उलट टोमणा मारायलाही कुणी नाही. पण 'जाऊ नकोस' एवढे दोन शब्द तिच्या तोंडून निघाले नाहीत. माणसं रागात पानभर बोलतात आणि मायेची वेळ आली की त्यांची दातखीळ बसते. ताई त्याच जातीची.

"आधी भट्ट्या तर बघू," ती म्हणाली. "दोन्ही जमेल अशी असली तर असली. नसली तर जा. मी काय तुझे पाय धरणार आहे?"

दोघी बघायला निघाल्या. पहिल्या दुकानात विचारलं, "छंद म्हणून का?" दुसऱ्या दुकानातही तेच. बाईमाणूस भट्टी मागतंय म्हणजे तिला दुपार घालवायची असणार, असं या लोकांचं पक्कं असतं. ताईने त्या दुसऱ्याला विचारलं, "तुम्ही हे दुकान छंद म्हणून चालवता का?" आणि उत्तराची वाट न बघता ती पायऱ्या उतरली.

शेवटी दोघी एका पत्र्याच्या शेडमध्ये पोचल्या. इथला माणूस भट्ट्या स्वतः बांधायचा. त्याने नसते प्रश्न विचारले नाहीत. तीन भट्ट्या दाखवल्या.

पहिली खोल, विहिरीसारखी, कॉइल भिंतींत. ताईचे डोळे चमकले. दुसरी बसकी, कॉइल फक्त झाकणात. काचेला वरून सगळीकडे सारखा ताप. काचबाईचा हात तिच्यावरून निघेना.

"यात माझी बरणी आडवी निजवू का?" ताई म्हणाली.

तिसरी मधली. फार खोल नाही, फार बसकी नाही. कॉइल भिंतींतही आणि झाकणातही, बटणं वेगवेगळी. "मातीचं काम असलं की भिंतीच्या लावा, काचेचं असलं की झाकणाच्या," भट्टीवाला म्हणाला. "भिंत जाड आहे, सावकाश निवते. काचेला तेच हवं."

"दोन दगडांवर पाय ठेवलेली दिसते," काचबाई म्हणाली. "दोघांशी गोड बोलणाऱ्यावर माझा भरवसा नसतो, दादा."

"मग वापरून बघा. आधी मातीचं भाजा, मग काचेचं. नाही जमलं तर घेऊ नका. मी काही गळ्यात मारत नाही."

आधी घरून आणलेल्या ताईच्या वाट्या तिथेच शेडमध्ये भाजल्या. भट्टी गरम होती तोवरच ताईने फडक्याने झाकण बोटभर उचललं आणि कान लावला. आतून टिणटिण, टिणटिण. निवताना ग्लेझला, म्हणजे वरच्या चकचकीत लेपाला, बारीक चिरा पडतात, त्याचा हा आवाज. "वाट्या बोलायला लागल्या," ती म्हणाली. ही तिची आयुष्यभराची सवय. हा आवाज ऐकल्याशिवाय तिला भाजणं पुरं झालंसं वाटायचंच नाही. वाट्या सुरेख निघाल्या.

मग काचबाईने आपलं तबक ठेवलं. निळी काच, मधून पांढऱ्या रेघा, प्रत्येक रेघ चिमट्याने लावलेली. झाकण लावताना ती म्हणाली, "हे धड निघालं तर मी राहते, ताई. तडा गेला तर मला अडवू नका."

"कोण अडवतंय!" ताई म्हणाली आणि झाकणावरून उगाच फडकं फिरवू लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भट्टीवरचा तापाचा आकडा उतरत होता, पण अजून दोनशेच्या वर होता. "संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही," भट्टीवाल्याने बजावलं आणि काचबाईला भट्टीत ठेवायच्या भाजक्या मातीच्या फळ्या दाखवायला मागच्या अंगणात घेऊन गेला. ताई स्टुलावर बसून राहिली.

तिने ठरवून काही केलं नाही. ठरवून केलं असतं तर निदान हात मध्येच थांबला असता. हाताने फडकं उचललं, फडक्याने झाकण. बोटभर. सवयीने कान पुढे झाला.

टक्.

एकदाच. ताईने झाकण खाली ठेवलं. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. घरच्या भट्टीत काच निवत असायची तेव्हाही ती झाकण उचलायची. का, तर भट्टी आपल्या वाट्यांसाठी कधी रिकामी होतेय ते बघायला. तेव्हाही कधीकधी असंच टक् व्हायचं. तिला वाटायचं, म्हातारी भट्टी आहे, विटा कुरकुरतात.

संध्याकाळी भट्टीवाल्याने झाकण उघडलं. तबकाला या कडेपासून त्या कडेपर्यंत तडा.

"असं होत नाही," भट्टीवाला म्हणाला. "माझ्या भट्टीत असं होत नाही!"

"जाऊ दे, दादा," काचबाई म्हणाली. आवाज अगदी शांत. "ताईंना ती खोलवाली द्या. त्यांचं काम त्यात चांगलं होईल."

गप्प बसणं किती सोपं होतं. भट्टीला तोंड नसतं. तिच्यावर काहीही ढकला, ती निमूट ऐकून घेते. पण गप्प बसलं तर काचबाई जाणार. बोललं तर कदाचित जाणार, आणि वर तोंडही बघणार नाही.

"झाकण मी उचललं," ताई म्हणाली.

"कधी?" काचबाईने विचारलं.

"तुम्ही मागे होतात तेव्हा. बोटभरच."

"बोटभर?"

"घरीसुद्धा उचलायचे."

काचबाईने तबक बाहेर काढलं तसे त्याचे दोन तुकडे झाले. एकेका हातात एकेक घेऊन ती ताईकडे बघत राहिली.

"तीन वर्षं मी कॉइलला शिव्या घालतेय! काच बदलली, ताप बदलला, माझ्या हातातच खोट आहे असं वाटायला लागलं मला! आणि तुम्ही शेजारी बसून सांगायचात, कॉइल बाजूला आहेत ना!"

"मला खरंच तसं वाटायचं गं."

"वाटायचं म्हणे!"

ती तुकडे घेऊन अंगणात निघून गेली. भट्टीवाला उगाच एक वीट पुसत राहिला. ताई स्टुलावर, हात मांडीत दाबून. 'जाऊ नकोस' आता म्हणायचं, की तोंडच दाखवायचं नाही, तिला कळेना.

काचबाई परत आली ती थेट भट्टीवाल्याकडे.

"या मधलीच्या झाकणाला कडी बसेल का?"

"कडी?"

"कडी. आणि कुलूप."

"अगं, मी काय चोर आहे का?" ताई म्हणाली.

"चोर परवडला. तो एकदाच येतो."

भट्टीवाला हसला. "कुलपाची भट्टी उभ्या जन्मात बांधली नाही मी."

"मग आता बांधा. आणि ताई, माझी काच आत असेल तेव्हा किल्ली माझ्याकडे. रुसायचं नाही."

"रुसतेय कोण?" ताई म्हणाली, आणि डोळ्यांत कचरा गेल्यासारखं करून तिकडे वळली.

भट्टी घरी आली. भावाने नवी वायर ओढली, कुलूप बघून डोळे मोठे केले आणि शहाण्यासारखं काही विचारलं नाही. पहिल्या काचेच्या दिवशी काचबाईने कुलूप घातलं, किल्ली एप्रनच्या खिशात टाकली आणि आपल्या टेबलावर काच कापत बसली. ताई माती मळत होती. मळता मळता उठली. हात झाकणाकडे गेला आणि कुलपाला लागला.

"ताई," काचबाई मान वर न करता म्हणाली.

"धूळ पुसतेय."

"पुसा हं. चांगली पुसा."

विटा पुरत्या गार झाल्या तेव्हा काचबाईने किल्ली ताईच्याच हातावर ठेवली. ताईने कुलूप काढलं आणि झाकण उचललं, बोटभर नाही, पूर्ण. सवयीने कान पुढे केला. आत काहीच वाजलं नाही. नवं निळं तबक आपलं स्वस्थ पडलं होतं. ताईने कडेवरून सगळीकडे अंगठा फिरवून पाहिला. कुठेही अडकला नाही.

"हे काही बोलतच नाही गं."

"नकोच बोलायला."

"बरं, उचल आता. माझ्या वाट्या खोळंबल्यात."

काचबाईने तबक उचललं, आणि जाता जाता ताईच्या हातातली किल्ली काढून पुन्हा आपल्या खिशात टाकली.