मला न ओढलेला दिवस

मी एक जुना लोखंडी दांडा आहे, मित्रांनो. खंडाळ्याखालच्या घाटात रुळांचा सांधा बदलायचा झाला की मला ओढत. आता लोणावळ्यात भंगारात पडलोय आणि कावळे माझ्या मुठीवर खुशाल चोच पुसतात. पुसू द्या बापडे.

जन्माचं फार सांगत नाही. भट्टीत तापलो, घणाखाली ओरडलो आणि घाटात आलो. तिथं घाट उतरणारी गाडी थेट खाली सोडत नसत. सांधा एरवी डोंगरावर चढणाऱ्या आडरुळाकडेच वळलेला असे. ब्रेक सुटलेली गाडी त्या चढावर जाऊन वाळूत रुतावी, म्हणून ही सोय. खाली जायचं तर गाडीनं आधी जागच्या जागी उभं राहायचं. मग ठरलेली शिट्टी द्यायची. मग सांधेवाल्यानं खालच्या केबिनला फोन करून रूळ मोकळा आहे का ते विचारायचं. एवढं झालं की मगच मला हात.

हा नियम बांधणारा साहेब मोठा हट्टी. कुणी म्हणालं, "साहेब, एखादी पायरी गाळा, वेळ जातो." साहेब म्हणाला, "थांबणं सांगतं, गाडी ताब्यात आहे. शिट्टी सांगते, कोण आलंय. फोन सांगतो, पुढं वाट आहे. एकाचं उत्तर दुसऱ्यानं कसं द्यायचं?" मला तो साहेब आवडला.

माझा सांधेवाला भिमाजी, वडिवळ्याचा. लाखात एक माणूस, पण दाजींपुढं विरघळायचा. त्याचे दाजी रखमाजी मालगाडी चालवायचे. घाटात ज्याची त्याची शिट्टी ओळखू येई आणि दाजींची शेवटी जरा लांबायची. ती कानी पडली की गाडी थांबायच्या आधीच, फोनही न करता, हा मला ओढून मोकळा! म्हणायचा, "घरचाच मानूस. त्याला काय इचारायचं?" मी आतल्या आत चरफडायचो. पण दांड्याला कोण विचारतो!

बासष्ट सालच्या चैत्रातली भर दुपार. भिमाजीची थोरली बहीण विठाबाई नवऱ्यासाठी, म्हणजे रखमाजींसाठी, भाकरी घेऊन आमच्या केबिनवर आली होती. वरून शिट्टी आली, तीच, लांबलेली. भिमाजीची मूठ माझ्यावर आवळली. मी हललोसुद्धा! तेवढ्यात त्याला वळणावर मालगाडी दिसली. चाकांतून ठिणग्या उडत होत्या, पण वेग तसूभर कमी होत नव्हता. त्यानं मला परत जागेवर लोटून फोन उचलला.

"रूळ मोकळा हाय का?"

"न्हाई! पॅशिंजर बोगद्याच्या तोंडाशी हुबी हाय!"

विठाबाईनं त्याचा दंड धरला. "आरं, ह्यांचीच शिट्टी हाय! वड की! वाळूत गेली तर ह्यांचं काय व्हईल?"

"आक्का, खाली गाडी भरून मानसं हायती!"

"आन् माजं कुकू?"

भिमाजीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पण त्यानं दोन्ही हात पाठीमागं घट्ट बांधून घेतले. गाडी धडधडत आडरुळावर चढली, चढावर धापा टाकायला लागली आणि वाळूत रुतली.

विठाबाई धावत सुटली. इंजिनातून रखमाजी उतरले. अंगभर वाळू आणि कोपर सोललेलं, बाकी धडधाकट! आमच्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. विठाबाईनं परत येऊन भावाच्या पाठीत धपाधप गुद्दे घातले आणि मग त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली.

रखमाजी केबिनच्या पायरीवर येऊन बसले. म्हणाले, "भिमाजी, शिट्टी माजी व्हती रं. गाडी माजी ऱ्हायली न्हवती."

मित्रांनो, वर्षानुवर्षं मला ओढलं, त्याचं कुणी कौतुक केलं नाही. एकदा ओढलं नाही, त्याचं झालं. पण खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. म्हणून सांगतो, ओळख पटली तरी पुढचं विचारायचं सोडू नका. घरच्या माणसाला तर दोनदा विचारा. त्यात त्याचा अपमान नाही, त्याचा जीव आहे.

आठवड्यानं रखमाजींची गाडी पुन्हा आली. गपकन थांबली. शिट्टी झाली. भिमाजीचा हात माझ्याकडं येतोय तोच इंजिनातून दाजी ओरडले, "आदी फोन केलास का?"

"केला, दाजी!"

"मोकळा हाय?"

"हाय!"

"मंग वड आता!"

त्या दिवशी मी लोण्यासारखा फिरलो.