उमापूरच्या खुंटीवरची जीन्स

मी एक जुनी जीन्स पँट आहे, मित्रांनो, आणि मला आजवर एकाही माणसाने घातलेलं नाही. तुम्हाला हसू येईल, पण खोटं कशाला बोलू? माझ्या जातीच्या पँटी कॉलेजात जातात, मोटारसायकलवर बसतात, लग्नात मिरवतात. माझं सगळं आयुष्य मात्र खुंटीवर, टेबलावर आणि बायकांच्या मांडीवर गेलं. गेवराई तालुक्यातल्या उमापूर गावी मी नमुना म्हणून आले आणि तिथेच राहिले.

माझा जन्म तसा थाटाचा. एका जुन्या, अरुंद मागावर माझं कापड विणलं गेलं. उभा धागा निळीत पुन्हा पुन्हा बुडवलेला, आडवा धागा पांढरा आणि काठाला लाल दोऱ्याची बारीक किनार. मला तयार करताना किती पाणी लागलं ते सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही. तिथे ते नळातून धो धो येत होतं आणि मलाही त्याचं काही वाटलं नव्हतं. माझ्या खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याच्या टिकल्या ठोकल्या, कमरेला कातड्याचा बिल्ला लावला आणि पुण्याच्या एका काचेच्या दुकानात मला टांगून ठेवलं. माझी किंमत वाचली की गिऱ्हाईक मला हळूच परत जागेवर ठेवायचं. तेव्हा मला फार गर्व होता.

त्या दुकानाच्या मालकीणबाईंच्या मनात आलं की अशाच पँटी गावाकडच्या बायकांकडून शिवून घ्याव्यात. उमापुरात महिलांची एक शिवणकाम सहकारी संस्था होती. खताच्या जुन्या गोदामात सहा मशिनी आणि अकरा बायका, एवढाच तिचा पसारा. मालकीणबाई मला पिशवीत घालून तिथे घेऊन गेल्या. साल होतं दोन हजार पंधरा. सलग दुसऱ्या वर्षी पावसाने तोंड फिरवलं होतं आणि गावात आठ दिवसांतून एकदा टँकर येत होता.

संस्थेच्या चेअरमन केशरबाई. बागायतदाराचं, राजकारणातलं घर, त्यामुळे सगळं गाव त्यांना काकू म्हणायचं. शिकवायला आसाराम मास्तर होते, पन्नास वर्षं कात्री चालवलेले. पुण्याच्या बाईंना सगळ्यांनी मॅडम करून टाकलं. मॅडमनी मला टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, "हुबेहूब अशी शिवलीत तर पहिल्यांदा साठ पँटी देईन. त्या पसंत पडल्या तर वर्षभर काम."

वर्षभर काम म्हणजे काय, हे त्या अकरा जणींना सांगावं लागलं नाही. दिवाळी झाली की या गावातली जोडपी ट्रकात बसतात आणि दूर पश्चिमेकडे ऊस तोडायला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मागे घरं उरतात आणि त्या घरांत म्हातारी माणसं. अकरा जणींपैकी नऊ जणी दरवर्षी जाणाऱ्या होत्या. त्यांत चंद्रभागाबाई होती आणि माझी गोष्ट खरं तर तिचीच आहे.

चंद्रभागाबाईची सासू भिवराबाई डोळ्यांनी अधू झाली होती. गेल्या साली ऊसतोडीहून परत आल्यावर घरात काय दिसलं, ते चंद्रभागाबाईने एकदा मास्तरांना सांगितलं होतं. म्हातारीचा हात चुलीत भाजला होता आणि तो तिने कुणाला दाखवलाच नव्हता. शेजाऱ्यांनी विचारलं की पदर ओढून घ्यायची. सून परत आली तेव्हा जखम सुकून गेली होती. तेव्हापासून चंद्रभागाबाईच्या मनाने एकच घेतलं होतं की यंदा काहीही झालं तरी आत्याबाईंना एकटं टाकून जायचं नाही.

पहिल्या दिवशी मास्तरांनी मला उचललं आणि झटक्यात उलटं केलं. मला लाज वाटली. दुकानात सगळे मला बाहेरून बघायचे.

"कपडा पारखायचा तर आतून," मास्तर म्हणाले. "भाईरून समदेच देखणे असतेत. हे बघा. ह्या आतल्या शिवनीत कापडाचं तोंड कुठं दिसतंय का? दोन्ही पदर एकमेकांत मुडपून वरून दोनदा मशीन मारलीय. ह्येला उसवायला कापडच फाटावं लागंल."

मग त्यांनी अंगठ्याचं नख माझ्या शिवणीवर टेकवून टाके मोजायला लावले. इंचाला नऊ, कुठे एकही कमी नाही. काजाचा दोरा दाट. पट्ट्याची लुप्पी वरून चिकटवलेली नाही, आत खुपसून शिवलेली. खिशाच्या तोंडाला, जिथे हाताचा जोर पडतो, तिथे आडवे दाट टाके. बायका माना वाकवून बघत होत्या. माझ्यातलं खरं देखणेपण कुठे आहे हे मलाही त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, काचेच्या दुकानात ते कुणी सांगितलंच नव्हतं.

बघून मात्र शिवता येत नाही. एक पाय उसवून आतलं सगळं समजून घ्यावं लागणार होतं. कुणी हात लावायला धजेना. शेवटी चंद्रभागाबाईने ब्लेड घेतलं. ऊस तोडून तोडून घट्टे पडलेले ते हात, पण टाका तोडताना कापडाला ओरखडासुद्धा नाही. माझा डावा पाय तिने पुरता मोकळा केला, वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीने त्याचा बेत काढला आणि दोन दिवसांनी परत शिवला. अठरा नंबरच्या तीन सुया मोडल्या तिच्या. बोटातही एक शिरली. तिने बोट तोंडात घातलं आणि दुसऱ्या हाताने दोरा ओवला.

मास्तरांनी मग माझे दोन्ही पाय शेजारी ठेवून बायकांना विचारलं, "सांगा बरं, कारखान्याचा पाय कोनता?"

आठ जणींनी चंद्रभागाबाईने शिवलेला डावा पाय दाखवला. मास्तर हसले नाहीत, फक्त चष्मा पुसत बसले. त्या संध्याकाळी ती घरी मला दाखवायला घेऊन गेली आणि म्हातारीला म्हणाली, "आत्याबाई, औंदा मी हितंच हाय." टोळीचा मुकादम राधाकिशन दारावरून चालला होता, त्यालाही तिने सांगून टाकलं की आमचा कोयता यंदा धरू नका. तिचा नवरा शहादेव जवळच कुठे ट्रॅक्टरवर काम बघू लागला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला दिवस तोच.

मग साठ पँटींचं कापड आलं. माझ्यासारखंच, लाल किनारीचं, कोरं. प्रत्येक गठ्ठ्याला एक कार्ड बांधलेलं होतं. मास्तरांनी ते वाचून दाखवलं. कापड रात्रभर पाण्यात भिजवून, सुकवून मगच बेतायचं, कारण पहिल्या पाण्याला ते आकसतं. चंद्रभागाबाईने वीतभर तुकडा वाटीत भिजवला, उन्हात सुकवला आणि परत मोजला. बोटभर कमी भरला.

एका तुकड्याला वाटीभर पाणी पुरलं. सगळ्या गठ्ठ्यांना सात-आठ ड्रम लागणार होते. गावात तेव्हा घरटी एक ड्रम मिळत होता आणि तोही आठ दिवसांसाठी. मास्तर म्हणाले की थोडं मोठं बेतून बघू, पण ते लांबीत वेगळं आणि रुंदीत वेगळं आकसत होतं, आणि मॅडम तर येऊन माझ्या मापाला माप लावूनच माल उचलणार होत्या. तो मार्ग बंद झाला.

काकूंनी बैठक बोलावली. सहकारी संस्थेत काहीही करायचं तर ठराव लागतो आणि ठरावाला हात वर करावे लागतात.

"संस्थेच्या नावानं अर्धा टँकर मागते मी," काकू म्हणाल्या. "माझ्या शब्दाला न्हाई म्हननार न्हाई कुनी."

बायडाबाई नावाची एक बाई उठली. "काकू, तुमच्या शब्दाला न्हाई म्हनत न्हाईत, म्हनूनच भेव वाटतंय. आर्ध्या टँकरावर आर्धं गाव जगतंय. लोक घागरी घेऊन उभे अन् आपुन कापडं भिजवायची? कोन्या तोंडानं?"

मग मागून एक जण म्हणाली की दुकानात टांगायची तर पँट, तिला धुतंय कोण. सगळ्यांना तो आधार बरा वाटला. काकूंनी विचारलं, "मंग न भिजवता बेतायचं, असा ठराव. हात वर करा."

मी खुंटीवरून बघत होते. मला माहीत होतं पुढे काय होणार ते. मास्तरांनाही माहीत होतं, पण ते पगारी, त्यांना मत नव्हतं. आणि चंद्रभागाबाईला तर वाटीतला तुकडा बोटभर आखडलेला दिसला होता. तिच्या घरच्या ड्रमाच्या तळाशी दोन तांबे पाणी उरलं होतं, ते तिने सकाळीच म्हातारीसाठी झाकून ठेवलं होतं. सगळ्यात शेवटी तिचा हात वर गेला. ठराव एकमताने मंजूर झाला. मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडून तरी काय सांगणार होते? माणसांच्या तोंडचं पाणी काढून कापडाला द्या, असं?

दसऱ्याच्या आत साठ पँटी तयार झाल्या. मॅडम आल्या, एकेक पँट उलटी करून बघत राहिल्या. टाके मोजले, लुप्प्या ओढून पाहिल्या, काजांत बटणं घालून काढली, माझं माप लावलं. त्यांचा चेहरा खुलला.

"फार सुंदर शिवलंय," त्या म्हणाल्या. "पुण्यात असं काम मिळत नाही. कापड भिजवून घेतलं होतं ना?"

बायकांनी काकूंकडे पाहिलं.

"हो, हो," काकू म्हणाल्या.

चंद्रभागाबाई खाली बघून दोऱ्याचे तुकडे वेचू लागली. खोटं काकू बोलल्या, पण मान खाली सगळ्यांचीच गेली होती. मॅडमनी गठ्ठे गाडीत घातले. नमुना आता तुमच्याकडेच ठेवा म्हणाल्या, पुढच्या कामाला लागेल.

दिवाळीच्या चार दिवस आधी गठ्ठे परत आले. पुण्यात पँटी धुलाईला टाकल्या होत्या. एकही मापात राहिली नव्हती, कंबर दोन बोटं आत, पाय घोट्याच्या वर. सोबत चिठ्ठी होती, मॅडमच्या माणसाने लिहिलेली. माल नाकारला, कारण निकृष्ट कारागिरी. पुढचं काम रद्द.

पुन्हा बैठक झाली. चिठ्ठीतलं कारण संस्थेच्या वहीत उतरवून घ्यायचं होतं. चंद्रभागाबाई बैठकीत कधी बोलत नसे. त्या दिवशी ती उभी राहिली. परत आलेली एक पँट तिने उलटी करून काकूंपुढे धरली.

"काकू, ह्यात एक टाका दाखवा सुटलेला. कापड आकसलं, पर शिवन कुटं वडली न्हाई, कुटं तुटली न्हाई. पानी नव्हतं म्हनून लिवा. कारागिरी निकृष्ट कावून लिवायची?"

काकूंचे डोळे भरले. त्या वाईट बाई नव्हत्या. "कसं लिवू चंद्रभागे? भिजवलं म्हनून म्याच सांगितलं. आता पानी नव्हतं लिवलं तर संस्था खोटारडी ठरंल. उद्या कोन काम देईल आपल्याला?"

"मंग मला लबाड ठरवा. निकृष्ट नका म्हनू."

पण तसं लिहायची रीत नव्हती. वहीत चिठ्ठीतले शब्द जसेच्या तसे उतरले. अकरा जणींनी खाली सह्या केल्या. आपल्याच हाताला निकृष्ट म्हणणाऱ्या ओळीखाली चंद्रभागाबाईनेही वळणदार अक्षरात सही केली. तिच्याजवळ दुसरं काही करण्यासारखं नव्हतं आणि माझ्याजवळ तर काहीच नव्हतं.

राधाकिशन मुकादमाचा शेवटचा ट्रक दिवाळीनंतर निघाला. निघायच्या सकाळी चंद्रभागाबाईने भिवराबाईच्या बाजेपासून न्हाणीपर्यंत दोरी बांधली, म्हातारीला धरून चालता यावं म्हणून. चुलीजवळ जाऊ नको, शेजारीण भाकरी आणून देईल, असं तीनदा बजावलं. "तू हितंच हाय म्हनलीवतीस," म्हातारी म्हणाली. नमुन्याचं काम संपल्यावर मी गोदामातून तिच्याकडे आले होते; थंडीत पायांवर घ्यायला चंद्रभागाबाईने मला बाजेवर ठेवलं, म्हातारीचे पाय माझ्यात गुंडाळले आणि ती गेली.

त्याला आता बरीच वर्षं झाली. भिवराबाई राहिली नाही. संस्थेच्या मशिनी कुणीतरी नेल्या. मी फिरून गोदामाच्या खुंटीवर आले. माझा निळा रंग उडाला, बिल्ला उंदरांनी खाल्ला. माझी काळजी घ्या असं मी तुम्हाला सांगणार नाही, मला आता ती काय करायची? मागणं एवढंच आहे की तुम्ही दुकानात जाल, कपडा हातात घ्याल, तेव्हा तो एकदा उलटा करून बघा. आत कुणाचे तरी हात असतात. आणि कपडा बिघडलेला निघाला तर तोंडातून शब्द काढण्याआधी क्षणभर थांबा. चुकलं कुठे हे विचारा, शिवणाऱ्याला विचारा. आणि बालदीत पाणी सोडताना ते मोजून सोडा.

उमापूरची ती वही अजून कुठल्या तरी कपाटात असेल. तिच्यात काय लिहिलंय ते मी ऐकलंय. पण माझा डावा पाय अजून जागच्या जागी आहे. इतक्या वर्षांत त्याचा एकही टाका निघालेला नाही. मित्रांनो, शिवण बरोबर होती.