पानेवाले महाराज आणि सयाजीची कॅब

तळवड्याच्या मोकळ्या प्लॉटवर दर गुरुवारी गाड्यांची रांग लागते. टेम्पो, रिक्षा, हिंजवडीच्या कंपन्यांना लावलेल्या कॅब. रांगेच्या तोंडाशी पानेवाले महाराज. इतर बुवांच्या हातात चिमटा असतो, ह्यांच्या हातात पाना. सिद्ध पाना म्हणे!

परवा माझा शेजारी सयाजी कॅब घेऊन उभा होता, सोबत त्याची बायको स्वरूपा आणि मी. ऑटोमॅटिक गिअरची गाडी. चालता चालता लाल दिवा लागायचा, गिअर सुटायचा, गाडी रस्त्यातच बसायची. आदल्या दिवशी चाकणला ट्रेलरच्या पुढ्यात बसली, थोडक्यात वाचला. कंपनीनं बजावलं होतं, आणखी एकदा बंद पडली तर काम बंद.

महाराजांनी बॉनेट उघडून आत नारळ फोडला, पाणी बॅटरीवर ओतलं. पान्यानं बॅटरीची काळी वायर सोडवली आणि गरजले, "प्राण काढला रे गाडीचा! आता आतलं भूत सोडून जाईल!" आरती झाली. वायर परत लावली. दिवा गायब, गिअर पडला. लोक पाया पडले.

"महाराज, मागच्या गुरुवारी पण बरी झालती. परत का येतंय?" सयाजीनं विचारलं.

महाराजांचं बोट त्याच्या बायकोकडे गेलं. स्वरूपाला सातवा महिना. "पोटातलं जड हाय. ही घरात हाय तवर गाडी बळी मागणार. माहेरी धाड. बाळंत झाली तरी आणू नगं."

"माहेरी कोण आहे माझं?" स्वरूपा म्हणाली. कुणी ऐकलं नाही.

"काय करू राव?" सयाजी मला म्हणाला. "काम गेलं तर खायचं काय?" त्यानं तिची पिशवी डिकीत टाकली आणि एसटी स्टँडकडे निघाला. मी भांडत भांडत मागं बसलो.

दिघीच्या लष्करी भिंतीपाशी लाल दिवा. गाडी बसली.

स्वरूपा दार उघडून खाली उतरली. "घ्या, उतरले मी! पोटातलं पण माझ्यासंगं उतरलं! चालवा आता!"

सयाजीनं गिअर टाकून पाहिला. गाडी हलली नाही. तो स्टेअरिंगवर डोकं टेकून रडायला लागला.

दिघीतच नेहाताई राहतात. आयटीआयत मोटारीचं इलेक्ट्रिकल शिकवतात. मी फोन केला, त्या वीज मोजायचा मीटर घेऊन आल्या. "हेडलाइट, एसी, सगळं चालू कर." मीटरची एक पिन बॅटरीच्या काळ्या टोकाला, दुसरी गिअरच्या कॉम्प्युटरच्या अर्थिंगच्या वायरला. "आकडा शून्याजवळ पाहिजे. इथं दोन व्होल्ट वाटेतच मरतायत. कॉम्प्युटर उपाशी. उपाशी पडला की गिअर सोडतो."

बॅटरीखालचा अर्थिंगचा बोल्ट त्यांनी उघडला. हिरवट-पांढरी बुरशीसारखी पुटं.

"इथं पाणी कोण ओततं?"

"नारळाचं... महाराज," सयाजी म्हणाला.

"नारळाच्या पाण्यात क्षार असतात. दर आठवड्याला गंज वाढवतोय तो, आणि दर आठवड्याला बरा करतोय." त्यांनी बॅटरीची वायर काढून परत लावली. दिवा गेला. "झाले मी महाराज! कॉम्प्युटरची वीज तोडली की तो आधीचा बिघाड विसरतो. बिघाड तिथंच राहतो."

मग बोल्ट घासून लख्ख केला, आवळला. पुन्हा मीटर लावला. आकडा जवळजवळ शून्य. सगळं चालू ठेवून आळंदीपर्यंत जाऊन आलो, गिअर एकदाही सुटला नाही.

सयाजीनं दार उघडून धरलं. "चल, घरी जाऊ."

स्वरूपानं डिकीतली पिशवी काढली. "घरी जाणारच आहे, घर माझं पण आहे. बसनं जाते. बोल्ट तपासायच्या आधी तुम्ही मला बाहेर काढलंत."

ती स्टॉपकडे गेली. सयाजी उघड्या दाराशी उभाच.

लोकहो, गाडी अडली तर वीज कुठं अडते ते मोजा. मोजता येत नसेल तर ज्याला येतं त्याला बोलवा. आणि कुणी बुवा तुमच्या घरातल्या बाईकडे बोट दाखवू लागला, तर हात जोडू नका. विचारा, "कसं? दाखव." दाखवता आलं नाही तर त्याला प्लॉटवरून हाकला, बाईला घरातून नाही.