उजवा पाय

भिंगकाकांना खरं नाव होतं, पण हजेरीच्या वहीबाहेर ते कुणी कधी वापरलं नाही. एका प्रकाशनसंस्थेत छपाईआधीची मुद्रितं तपासण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली. कानामागे पेन्सिल, शर्टाच्या खिशात लाल पेन आणि त्याच खिशात ते भिंग. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी दुकानाच्या पाट्या वाचताना त्यांचा हात अजून खिशाकडे जायचा.

तपासणीच्या खोलीत एक जुना नियम होता. चूक असेल तर लाल शाई, शंका असेल तर पेन्सिल. लाल शाई थेट अक्षरजुळणीकडे जायची, पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह लेखकाकडे. नवीन माणूस आला की काका त्याला पहिल्याच दिवशी हे सांगायचे आणि वर दमही भरायचे, "तुला कितीही खात्री वाटू दे, मजकुराला हात लावायचा नाही. आपण झाडू मारणारे. घर दुसऱ्याचं."

असा हा कोरडा माणूस एकाच गोष्टीवर जीव ओवाळून टाकायचा, ती म्हणजे घड्याळजीच्या कादंबऱ्या. बंदरावरचा एक घड्याळजी लोकांची घड्याळं दुरुस्त करता करता त्यांची कोडी सोडवतो, अशा सात कादंबऱ्या त्यांच्याच संस्थेने काढल्या होत्या आणि सातही काकांनी तपासल्या होत्या. पहिल्या भागात एक जहाज खडकावर आपटतं, चाळीस माणसं बुडतात आणि एकटा खलाशी वाचतो, डाव्या पायाने लंगडत. तो पुढे घड्याळजीचा जिवलग मित्र होतो. जहाज खडकावर कुणी घातलं, हा प्रश्न सातही भाग लोंबकळत राहतो. उत्तर आठव्यात मिळणार होतं.

काकांनी या मालिकेची कार्डं केली होती. बुटांच्या अकरा खोक्यांत दोन हजारांवर कार्डं. घड्याळजीच्या दुकानात किती पायऱ्या, त्याच्या बहिणीच्या कुठल्या गालावर तीळ, खलाशी चहात साखर किती घालतो. बायको होती तेव्हा म्हणायची, "लोकांच्या सवती गल्लीत असतात, माझी सात भागांत आहे." पण प्रत्येक नवा भाग काका तिला जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवायचे आणि ती भाजी निवडायची थांबून ऐकायची. ती गेली त्या वर्षी काकांनी सातही भाग पुन्हा पहिल्यापासून वाचले. त्या वाचण्यावरच ते तगले, असं म्हटलं तरी चालेल.

सातव्या भागाला अकरा वर्षं झाली, आठवा काही आला नाही. गेल्या हिवाळ्यात लेखक वारला. आणि तीन महिन्यांत संस्थेने जाहीर केलं की आठवा भाग एआयकडून पूर्ण करून घेतला आहे.

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यातून संपादकबाईंनी शेवटची मुद्रितं तपासायला त्यांनाच बोलावलं. बाई तिशीच्या, हुशार, स्वभावाने गोड. लहानपणी याच कादंबऱ्या पांघरुणात लपवून वाचलेल्या.

"काका, तुमच्याइतकी ही मालिका कुणाला पाठ आहे? तुम्ही सही केलीत की वाचकही गप्प बसतील."

"म्हणजे मला बुजगावणं म्हणून उभं करताय."

"तुम्ही वाचा तर आधी," बाई हसून म्हणाल्या.

काकांनी चार दिवस डोळ्यांत तेल घालून वाचलं. खरं सांगायचं तर ते चुका शोधायला नाही, सूड घ्यायला बसले होते. पण एकही चूक सापडेना. पायऱ्या तितक्याच, तीळ त्याच गालावर. खलाशी चारशे पानांत चौसष्ट वेळा लंगडत होता आणि दर वेळी इमानाने डावाच पाय ओढत होता. शेवटी जहाज बुडवणारा निघतो तो बंदरावरचा अधिकारी, जो तिसऱ्या भागातच मेलेला आहे, आणि खलाशी घड्याळजीला वाचवताना त्याच्या मांडीवर प्राण सोडतो. लोक रडतील यात शंका नव्हती. काकांनाही भरून आलं होतं आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला.

"हे त्याचं नाही," मुद्रितं परत टेबलावर ठेवत ते म्हणाले. "यंत्राला वाकडं काही चालत नाही. जे सहा वेळा झालं तेच सातव्यांदा होणार, एवढंच त्याला कळतं. माणूस सातव्यांदा वेगळं करतो, बाई. त्यासाठीच तर आपण वाचतो."

"पण चूक काय आहे ते सांगा ना."

काकांना सांगता येईना. बाईंनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. "मलाही हे फार आवडलंय असं नाही, काका. पण वाचक अकरा वर्षं थांबलेत. लेखकाच्या मनातला शेवट वेगळा होता याचा कागद आणा, मी स्वतः छपाई थांबवते. शुक्रवारपर्यंत."

म्हणून बुधवारी काका लेखकाच्या घरी गेले. जिना चढताना त्यांना वाटत होतं की आयुष्यात पहिल्यांदाच आपण घड्याळजीच्या काही उपयोगी पडतोय. लेखकाची बायको सत्तरीची, काठी टेकत दाराशी आली. काकांना तिने ओळखलं, आणि ओळखताच तिचा चेहरा जरासा उतरला. काकांना वाटलं, दुःख ताजं आहे.

त्यांनी येण्याचं कारण सांगितलं.  ती आतून एक फाइल घेऊन आली.

"तुम्हाला हे दाखवू नकोस असं त्यांनी मला बजावलं होतं," ती म्हणाली. "पण आता ते नाहीत. आणि ते यंत्राचं ऐकल्यापासून मला झोप नाही. घ्या."

वरच पुस्तकाच्या आकाराचा एक कागद होता. सातव्या भागाचं पान दोनशे बाराचं मुद्रित, छपाई झाल्यावर हस्तलिखितासोबत लेखकाकडे परत आलेलं. खलाशी घड्याळजीच्या दुकानाच्या पायऱ्या चढतो. 'त्याने उजवा पाय ओढत शेवटची पायरी गाठली.' त्यातला 'उजवा' लाल शाईने खोडलेला आणि समासात लिहिलेलं, 'डावा'. ते अक्षर काकांना भिंग न लावता ओळखता आलं.

खाली त्या प्रकरणाची मूळ हस्तलिखित पानं होती आणि लेखकाच्याच हस्ताक्षरातलं एक टिपण, तीन ओळींचं. खलाशी लंगडा नाही, सोंग करतो. जहाज त्यानेच खडकावर घातलं. सातव्या भागात एकदाच, थकलेला असताना, तो पाय चुकेल, आणि आठव्यात घड्याळजीला ते आठवेल.

काका ते पुन्हा पुन्हा वाचत राहिले. त्यांना तो दिवस लख्ख आठवला. लेखक तेव्हा इस्पितळात होता, मुद्रितं त्याच्याकडे जाणारच नव्हती, छपाईला दोन दिवस उरले होते. पान दोनशे बारावर त्यांना ठेच लागली. त्यांनी कार्ड काढून पाहिलं. डावा. सहा भागांत एकशे सात वेळा डावा. नियमाप्रमाणे पेन्सिल उचलायला हवी होती. पण काका मनात हसले होते. म्हातारा थकलाय, त्याची लाज आपणच राखायला हवी. या प्रेमापोटी त्यांनी लाल पेन उघडलं. संध्याकाळी घरी जाऊन बायकोला फुशारकीने सांगितलंही होतं, "आज तुझ्या खलाशाचा पाय मी वाचवला."

"दुसऱ्या आवृत्तीत नीट करता आलं असतं," काका कसंबसं म्हणाले. 

"मीही तेच म्हटलं. ते म्हणाले, हळूच ठेवलेली खूण होती ती. आता दुरुस्ती म्हणून छापली तर बोट दाखवल्यासारखं होईल, सगळ्यांना कळेल. मग डाव्या पायानेच शेवट जमवायचा म्हणून बसले. एकोणीस वेळा लिहायला घेतलं. दर वेळी चाळीस-पन्नास पानं आणि मग कपाटात. मी म्हणायचे, काही दुसरं लिहा. ऐकायचे नाहीत."

"मला एक फोन करायचा. शिव्या घालायच्या."

"मी नंबर फिरवून हातात दिला होता एकदा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "त्यांनी ठेवून दिला. म्हणाले, लाखभर लोकांनी ते पान वाचलं असतं आणि कुणाच्या लक्षात आलं नसतं. तो पाय फक्त त्या एका माणसाला दिसला. त्याला सांगितलं तर तो माझं पुस्तक पुन्हा हातात धरणार नाही, आणि मग मी लिहू कुणासाठी?"

 तिने चहा विचारला, काका नको म्हणाले, आणि तरीही अर्धा तास तिथेच बसून राहिले. तिनेही त्यांना उठा म्हटलं नाही.

गुरुवार त्यांनी घरात काढला. खोकी भिंतीशी रांगेत होती. फाइल जाळून टाकावी असा विचार मनात आला नाही असं नाही. ती दाखवली तर यंत्राचा शेवट खोटा ठरत होता, म्हणजे काकांचंच म्हणणं खरं ठरत होतं. पण तो खोटा का, हे त्याच कागदावर काकांच्या अक्षरात लिहिलेलं होतं. यंत्राने सातही भाग वाचले होते, छापले तसे. त्याला डावा पाय शिकवला होता काकांनी. आयुष्यात एक गोष्ट तरी आपण नीट सांभाळली, या समजुतीवर त्यांची म्हातारपणाची सगळी भिस्त होती, आणि तीच गोष्ट त्यांनी स्वतःच्या हाताने मोडली होती. ते दिवसभर जेवले नाहीत. पण फाइल जाळली नाही, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

शुक्रवारी सकाळी त्यांनी फाइल बाईंच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं, काही न लपवता. माझा हात, माझी शाई, मी विचारलं नाही. बाईंनी टिपण वाचलं आणि त्यांचे डोळे भरले.

"बापरे, काका. किती सुंदर होतं हे!"

"मग थांबवा छपाई."

बाईंनी टिपण फाइलमध्ये परत ठेवलं. "मी शब्द दिला होता, मान्य. पण आता विचार करा. लोकांच्या घरात सातवा भाग आहे तो डाव्या पायाचा. खलाशीच गुन्हेगार म्हटलं तर वाचक विचारतील, खूण कुठे होती? आम्हीच ती पुसली हे कसं सांगू? तुमचं नाव येईल."

"येऊ दे."

"मालकांना नाही चालणार. हवं तर..." त्या जरा घुटमळल्या. "हवं तर या तीन ओळी यंत्राला देऊन नवा शेवट मागू. संध्याकाळपर्यंत होईल."

संध्याकाळपर्यंत. एका माणसाची अकरा वर्षं आणि एकोणीस सुरुवाती, आणि म्हणे संध्याकाळपर्यंत. काकांनी मान हलवली. नको म्हणाले. राग यावा असं त्यांना फार वाटलं, पण रागावायला लागतं ते काही त्यांच्यापाशी उरलं नव्हतं.

त्यांचा चेहरा पाहून बाई कळवळल्या. त्यांना काहीतरी करून या म्हाताऱ्याच्या मनावरचं ओझं उतरवायचं होतं. फाइलमधून त्यांनी त्या प्रकरणाची मूळ हस्तलिखित पानं काढली, फोनने त्यांचे फोटो घेतले आणि यंत्रापुढे ठेवले. आधीचे सहा भाग त्याच्याकडे होतेच. 'हा मजकूर तपास,' एवढंच त्यांनी लिहिलं.

उत्तर यायला चहाचा घोट घेण्याइतकाही वेळ लागला नाही. बाईंनी पडदा काकांकडे वळवला. सबंध प्रकरणात एकच दुरुस्ती होती. 'उजवा' लाल रंगात खोडलेला, शेजारी 'डावा'. खाली नम्रपणे कारण दिलं होतं की आधीच्या सहा भागांशी हे जुळत नाही, लेखकाची नजरचूक असावी.

"बघा!" बाई त्यांच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या. "उगाच जिवाला लावून घेताय. तुमच्या जागी कुणीही हेच केलं असतं. अगदी तुमच्यासारखंच केलंय बघा यानेही."

पडद्यावरचा 'डावा' काकांचाच होता; यंत्राला अडवायचं कुठल्या तोंडाने? मग त्यांनी सहीचा कागद पुढे ओढला आणि 'छपाईस हरकत नाही' याच्याखाली सही केली. बाईंनी सुटकेचा श्वास टाकला आणि कागद घेऊन त्या मालकांच्या खोलीकडे गेल्या.

खोलीत कुणी नव्हतं. काकांनी दोनशे बारावं पान समोर घेतलं, कानामागची पेन्सिल काढली आणि आपल्या लाल अक्षराशेजारी, समासात, एक छोटं प्रश्नचिन्ह काढलं. मग सवयीने ते पान लेखकाकडे पाठवायच्या ट्रेमध्ये ठेवायला उठले. असा ट्रे आता त्या खोलीत नव्हता. पान हातात धरून ते बराच वेळ उभे राहिले.