चंद्राबाईंचा सत्कार

सर्जेरावांनी चंद्राबाईंच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि टाळ्या वाजवल्या. हॉटेलात गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे टाळ्या त्यांच्या एकट्याच्याच झाल्या. तेवढ्यात तव्यावरची भाकरी करपली.

आदल्या दिवशी वेल्ह्याला हॉटेलवाल्यांचं प्रशिक्षण झालं होतं. विषय, कामाची माणसं टिकत का नाहीत. पगारापेक्षा माणूस कौतुकानं टिकतो, असं पुण्याच्या भार्गवी मॅडमनी पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं. सर्जेरावांना हा उपाय परवडणारा वाटला. पानशेतला त्यांचं हॉटेल उघडल्यापासून चूल चंद्राबाईंकडं होती, आणि इतक्या वर्षांत 'बरं झालंय' एवढंही सर्जेरावांच्या तोंडून निघालं नव्हतं.

"हाटेलाचं नाव हाय ते तुमच्यामुळं," ते म्हणाले. मॅडमनी हे वाक्य सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं.

चंद्राबाईंनी करपलेली भाकरी तव्यावरून काढली. संध्याकाळी त्यांनी चूल सारवली, स्वतःचं उलथणं पिशवीत टाकलं, देवाच्या तसबिरीला नमस्कार केला आणि गेल्या. प्रशिक्षण लागू पडलं, असं सर्जेरावांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. पुण्याच्या गाड्या लागल्या. चंद्राबाई आल्या नाहीत. सर्जेरावांनी स्वतः थापलेली भाकरी पाहून एका साहेबांनी हा कुठला पदार्थ, असं कौतुकानं विचारलं. 'आलोच' म्हणून सर्जेराव तडक चंद्राबाईंच्या घरी निघाले.

चंद्राबाई ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होत्या.

"आला न्हाई ते?"

"निरोप दिला न्हवं तुमी? आमच्या गुरुजींचं बी असंच केलं. शाल, नारळ, ग्वाड बोलणं. दुसऱ्या दिशी शाळंत नवा मास्तर." त्यांनी मान वर केली नाही. "कोण ठेवली माज्या जागी?"

सर्जेरावांच्या जिभेवर मॅडमचं वाक्य आलं. ते त्यांनी गिळलं.

"कालची भाकरी करपली हुती," ते खेकसले. "ध्यान कुठं असतं तुमचं?"

चंद्राबाईंचं सूप थांबलं.

"म्होरं उभं ऱ्हाऊन टाळ्या कुणी पिटल्या? करपंल न्हाई तर काय हुईल!"

त्या उठल्या. उलथण्याची पिशवी घेतली, चपला घातल्या, परत आत गेल्या आणि शाल आणून सर्जेरावांच्या हातात दिली.

"ही तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. खरंच काढाल तवा घाला."

पिठल्याला कांदा चिरलेला नव्हता, यावरून सर्जेरावांना हॉटेल येईपर्यंत ऐकावं लागलं. पोचल्यावर त्यांनी शाल गल्ल्याच्या खालच्या खणात, पार तळाशी सारली आणि वर जुनी पोती दाबून बसवली.