'हो' म्हणणारा रिले

मित्रांनो, मी टेलिफोनच्या यंत्रातला एक जुना रिले आहे. अंगावर तारेचं वेटोळं आणि पुढे पत्र्याची जीभ, एवढाच माझा संसार. तारेत वीज आली की जीभ टक्‌ करून चिकटते: 'हो'. वीज गेली की सुटते: 'नाही'. तिसरा शब्द मला येत नाही.

बारा वर्षं मी न्यूयॉर्कच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माणसं जोडली. माझ्या टकटकीतून सदतीस लग्नं जमली आणि दोन युद्धं टळली. खोटं वाटत असेल तर जुनी वर्तमानपत्रं उघडा, ती युद्धं कुठेही सापडणार नाहीत! पण "तू कसा आहेस?" असं मला कुणी विचारलं नाही.

मग गणितवाल्या व्हर्ना टिलमनबाईंनी आम्हा चारशे रिलेंना एका फळीवर बसवलं. दोघांना एकामागे एक जोडलं, की दोघांनी 'हो' म्हटलं तरच दिवा लागे. शेजारी जोडलं, की एकाचा 'हो' पुरे. 'हो' म्हणजे एक, 'नाही' म्हणजे शून्य. एवढ्यावर बाई आमच्याकडून बेरजा करून घेऊ लागल्या.

दुरुस्तीवाले लार्स हॉगन खो-खो हसले. "बाई, ही फोनची पोरं. यांना कसलं आलंय गणित?"

"हो-नाही येतं ना? मग झालं. घरी बायकोसमोर तुम्ही तरी याहून जास्त काय बोलता?"

एका सकाळी कंपनीचे वरिष्ठ परीक्षा घ्यायला आले. यंत्र चुकलं तर फळी भंगारात जाणार आणि बाई परत हातानं आकडे जुळवायला बसणार, हे ठरलेलं होतं. त्यांनी सात आणि सहा दिले. तेरा यायच्या जागी दिव्यांनी बारा दाखवले. शेवटचा, एक मोजणारा दिवा लागलाच नव्हता. तो माझा होता. मी 'हो' म्हणत होतो हो! पण जीभ चिकटली की जी टोकं जुळतात, त्यांच्यामध्ये धुळीचा कण अडकलेला. बाईंचा चेहरा पडला.

हॉगननी कान लावला. "थांबा! हा टक्‌ वाजला. पोरगं 'हो' म्हणतंय, तोंडात धूळ आहे त्याच्या." त्यांनी पाकिटातून एक डॉलरची कोरी, करकरीत नोट काढली आणि माझ्या टोकांमधून हळूच ओढली.

"अहो, जेवणाची नोट ना ती?"

"नोट कुठे जातेय? तोंड पुसतोय पोराचं."

दिवा लागला. तेरा.

पुढे आमच्या जागी विजेवर चालणाऱ्या काचेच्या नळ्या आल्या, मग डोळ्यांना न दिसणारे माझे भाऊबंद, ट्रान्झिस्टर. तुमच्या मोबाइलमध्ये ते कोट्यवधी आहेत. माझेच दोन शब्द बोलतात, पण टकटक करत नाहीत. हॉगन मला डब्यात घालून घरी घेऊन गेले. आता तेही नाहीत. तारेत वीज नाही, म्हणून माझी जीभ 'नाही'वरच थांबली आहे.

मित्रांनो, कोपऱ्यात कुणी गप्प दिसलं तर त्याचं उत्तर 'नाही' असं धरून चालू नका. धूळ पुसा, कान लावा. माझ्यात एक 'हो' अजून शिल्लक आहे. विचारायला मात्र कुणी येत नाही.